पाडायच्या आधी बघून घ्यावं असं मैदान: मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डमध्ये आहे तरी काय?

ओल्ड ट्रॅफर्ड म्हटलं की मराठी माणसाला आधी क्रिकेट आठवतं, आणि त्याला कारणही तसंच आहे. १४ ऑगस्ट १९९० ला सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरनं कसोटीतलं पहिलं शतक ठोकलं ते ओल्ड ट्रॅफर्डवर. नाबाद ११९ आणि हातातून गेलेली टेस्ट वाचवली. त्याच्याही कितीतरी आधी, १९३६ मध्ये, मुंबईच्या विजय मर्चंट यांनी मुश्ताक अलींसोबत २०३ रन्सची सलामी दिली तीही तिथंच.

पण हे झालं क्रिकेटचं ओल्ड ट्रॅफर्ड. त्याच नावाचं दुसरं मैदान तिथून जेमतेम दहा मिनिटांवर आहे, आणि जगभरातले लोक मँचेस्टरला येतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या मैदानासाठी. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचं घर.

गंमत म्हणजे मँचेस्टरहून ट्राम पकडून 'ओल्ड ट्रॅफर्ड' नावाच्या स्टॉपवर उतरलं की समोर दिसतं क्रिकेटचं मैदान. बरेच जण इथं गोंधळतात. तिथून सरळ रस्त्यानं चालत राहायचं. या रस्त्याचा शेवटचा टप्पा म्हणजे सर मॅट बस्बी वे. हे मॅट बस्बी कोण ते पुढं येईलच. त्या टप्प्यावर आलात की लाल अक्षरं आणि काचेची मोठी भिंत दिसायला लागते.

आता हे सगळं आत्ताच का सांगायचं? तर मार्च २०२५ मध्ये क्लबनं जाहीर केलं की, शेजारीच एक लाख प्रेक्षक बसतील असं नवीन स्टेडियम बांधायचंय. खर्चाचा अंदाज सुमारे २ अब्ज पाउंड. नवीन उभं राहिलं की जुनं पाडलं जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे १९१० पासून उभं असलेलं हे मैदान बघायचं असेल तर हाताशी काही वर्षंच आहेत.

बरं, मग बघण्यासारखं आहे काय? ट्रॉफ्या तर सगळ्याच मोठ्या क्लबांकडं असतात.

कर्जात बुडालेला क्लब आणि हरवलेला कुत्रा

आज मँचेस्टर युनायटेड म्हणजे पैसा असं समीकरण आहे. पण हा क्लब सुरू केला रेल्वेच्या कामगारांनी. १८७८ मध्ये. नाव होतं न्यूटन हीथ. १९०२ पर्यंत क्लबवर इतकं कर्ज चढलं की कुलूप लागायची वेळ आली.

इथं एक किस्सा सांगितला जातो. क्लबचा कॅप्टन हॅरी स्टॅफर्ड याच्याकडं मेजर नावाचा सेंट बर्नार्ड जातीचा कुत्रा होता. पैसे जमवण्यासाठी भरवलेल्या बाजारातून हा कुत्रा पळाला आणि जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या दारू कारखान्याच्या मालकाकडं पोचला. डेव्हिसच्या मुलीला कुत्रा आवडला, स्टॅफर्ड कुत्रा शोधत आला, बोलणं क्लबवर गेलं आणि डेव्हिसनं पैसे घातले. यातला कुत्र्याचा भाग किती खरा आणि किती मीठमसाला हे सोडून द्या. डेव्हिसनं क्लब वाचवला, नाव बदलून मँचेस्टर युनायटेड झालं आणि नवीन मैदानासाठी ६० हजार पाउंडही त्यानंच दिले, हे मात्र पक्कं.

मैदानाचा आराखडा केला आर्किबाल्ड लीच या स्कॉटिश माणसानं. त्या काळी ब्रिटनमधली अर्धीअधिक नावाजलेली फुटबॉल मैदानं याच्याच कागदावर जन्मली होती. आधीचा बेत एक लाख प्रेक्षकांचा होता. खर्च हाताबाहेर जायला लागला म्हणून तो ८० हजारांवर आणला. एक लाखाचं जे स्वप्न आता २०२५ मध्ये दाखवलं जातंय, ते मुळात तेव्हाचंच.

१९ फेब्रुवारी १९१० ला पहिली मॅच झाली. समोर लिव्हरपूल. युनायटेड ३-४ नं हरली. लिव्हरपूलचे चाहते हा स्कोअर आजही विसरलेले नाहीत.

मैदानावर बॉम्ब पडले

मैदानाला लागूनच ट्रॅफर्ड पार्क आहे. जगातली पहिली आखीव औद्योगिक वसाहत म्हणून ही ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात इथल्या फोर्डच्या कारखान्यात लढाऊ विमानांची मर्लिन इंजिनं बनत होती. साहजिकच जर्मन विमानांची नजर या भागावर होती. ११ मार्च १९४१ च्या रात्री बॉम्ब पडले आणि मैदानाचा बराचसा भाग उद्ध्वस्त झाला.

पुढची आठ वर्षं युनायटेड कुठं खेळली माहितीये? मँचेस्टर सिटीच्या मैदानावर. मेन रोडवर. भाडं भरून. आज या दोन क्लबांचे चाहते एकमेकांकडं कसे बघतात ते ठाऊक असेल तर हे वाचून हसू येईल. (सिटीवाल्यांचा आणखी एक आवडता टोमणा म्हणजे ओल्ड ट्रॅफर्ड मुळात मँचेस्टर शहरात नाहीच, ते ट्रॅफर्ड या शेजारच्या भागात येतं. नकाशा बघितला तर टोमणा बरोबर आहे.)

१९४९ मध्ये युनायटेड परत आली. १९१० च्या बांधकामातलं आज शिल्लक आहे ते एकच. साउथ स्टँडच्या मधोमध असलेला खेळाडूंचा जुना टनेल. १९९३ पर्यंत टीम तिथूनच मैदानात यायच्या. नंतर कोपऱ्यात नवीन टनेल झाला. ७४ हजार खुर्च्यांच्या आणि काच-पोलादाच्या या सगळ्या पसाऱ्यात तो जुना टनेल इतका लहान दिसतो की कुणी दाखवला नाही तर नजरेतून सुटतो. टूरवर गेलात तर गाइडला मुद्दाम विचारा.

६ फेब्रुवारी १९५८

काचेच्या दर्शनी भिंतीसमोर उभं राहिलं की डावीकडच्या कोपऱ्यात, वर, एक घड्याळ दिसतं. साधंच. रेल्वे स्टेशनवर असतं तसं. वर तारीख लिहिलीय, ६ फेब्रुवारी १९५८. खाली एकच शब्द, म्युनिक.

पहिल्यांदा येणारे बरेच जण पुतळ्यांसोबत फोटो काढून तसेच आत जातात. पण या मैदानाची सगळी गोष्ट या घड्याळापाशी सुरू होते.

मॅट बस्बी १९४५ पासून क्लबचे मॅनेजर होते. बाहेरून तयार खेळाडू विकत आणण्यापेक्षा त्यांनी पोरं घडवली. पंधरा-सोळा वर्षांची पोरं हेरायची, क्लबमध्ये वाढवायची. पेपरवाल्यांनी त्यांना नाव दिलं 'बस्बी बेब्स'. १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षं या पोरांनी इंग्लंडची लीग जिंकली. त्यांच्यात डंकन एडवर्ड्स होता. वय २१. त्याला खेळताना बघितलेले लोक म्हातारपणीही सांगायचे की असा खेळाडू परत झाला नाही.

युरोपियन कप ही स्पर्धा तेव्हा नवीन होती. इंग्लिश लीगच्या कारभाऱ्यांना आपले क्लब त्यात खेळायला नको होते. बस्बींनी त्यांचं न ऐकता टीम उतरवली. आता अडचण अशी की, युरोपातली मॅच आठवड्याच्या मधे आणि शनिवारी परत लीगची मॅच. उशीर झाला तर लीगवाले ऐकून घेणार नाहीत. म्हणून टीमनं बेलग्रेडला जाण्यासाठी खास विमान ठरवलं.

५ फेब्रुवारीला बेलग्रेडमध्ये रेड स्टारविरुद्ध ३-३ अशी बरोबरी झाली आणि युनायटेड सेमी फायनलला पोचली. परतताना विमान इंधन भरायला म्युनिकला उतरलं. बाहेर बर्फ पडत होता. इंजिनात गडबड जाणवली म्हणून दोनदा उड्डाण अर्धवट सोडलं. सगळे उतरून टर्मिनलमध्ये आले. आज काही आपण जात नाही असं वाटून एडवर्ड्सनं मँचेस्टरला, तो जिच्या घरी भाड्यानं राहायचा त्या बाईंना तार केली, की विमानं रद्द झालीत, उद्या येतो. ती तार पोचली तेव्हा अपघात होऊन गेला होता.

कारण थोड्या वेळानं सगळ्यांना परत विमानात बसवलं गेलं. दुपारी ३ वाजून ४ मिनिटांनी तिसऱ्या प्रयत्नात विमान धावपट्टीवरच्या अर्धवट वितळलेल्या बर्फात वेग पकडू शकलं नाही आणि कुंपण तोडून पलीकडच्या घरावर आदळलं. विमानात ४४ जण होते. त्यातले २३ गेले. आठ खेळाडू, क्लबचे तीन कर्मचारी, आठ पत्रकार. पत्रकारांमध्ये फ्रँक स्विफ्ट होते, मँचेस्टर सिटीचे जुने गोलकीपर. म्हणजे शोक दोन्ही क्लबांच्या घरी होता. एडवर्ड्स हॉस्पिटलमध्ये पंधरा दिवस झुंजला आणि २१ फेब्रुवारीला गेला.

युनायटेडचा गोलकीपर हॅरी ग्रेग स्वतः वाचला आणि पळून न जाता परत विमानात शिरला. त्यानं एका बाईला आणि तिच्या लहान मुलीला बाहेर काढलं. बॉबी चार्लटनलाही त्यानंच ओढून काढलं. पायलट जेम्स थेन जिवंत राहिले, पण पंखांवरचा बर्फ काढला नाही असं म्हणत जर्मन अधिकाऱ्यांनी ठपका त्यांच्यावर ठेवला. दोष धावपट्टीवरच्या बर्फाचा होता, पायलटचा नाही, हे मान्य व्हायला दहा वर्षं लागली. तोवर त्यांची नोकरी गेलेली होती. मैदानाच्या आसपास पुतळे बरेच आहेत, पण थेन यांची बाजू माहिती असलेले लोक कमीच.

अपघातानंतर तेरा दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, ओल्ड ट्रॅफर्डवर पुढची मॅच झाली. शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध. अशा मॅचला छापील पत्रिका विकतात, त्यात दोन्ही टीमची नावं असतात. त्या दिवशीच्या पत्रिकेत युनायटेडच्या बाजूला अकरा जागा कोऱ्या होत्या. छापायला दिली तेव्हा कोण खेळणार हेच ठरलं नव्हतं. जवळपास ६० हजार लोक आले. राखीव पोरं आणि घाईनं आणलेले खेळाडू घेऊन युनायटेडनं ती मॅच ३-० नं जिंकली. टीम उभी केली होती बस्बींचे सहायक जिमी मर्फी यांनी. ते विमानात नव्हते, कारण त्याच दिवसांत ते वेल्सच्या टीमसोबत कार्डिफला होते. मर्फींचं नाव बाहेर फार कुणाला माहिती नसतं. त्यांचा पुतळा उभा राहिला तो थेट २०२३ मध्ये.

दहा वर्षांनी आलेली ट्रॉफी

बस्बी दोन महिने हॉस्पिटलमध्ये होते. दोनदा तर त्यांच्यासाठी शेवटची प्रार्थनाही म्हणून झाली होती. ते वाचले, परत आले आणि त्यांनी पुन्हा नव्यानं टीम बांधायला घेतली.

२९ मे १९६८ ला वेम्बलीवर युनायटेडनं पोर्तुगालच्या बेनफिकाला ४-१ नं हरवलं आणि युरोपियन कप जिंकला. इंग्लंडमधला हा पहिलाच क्लब. चार्लटननं दोन गोल केले. मैदानात त्याच्यासोबत बिल फोक्स होता. म्युनिकच्या विमानातून वाचलेले हे दोघं.

म्हणून मैदानासमोर बेस्ट, लॉ आणि चार्लटन या तिघांचा एकत्र पुतळा आहे, आणि तो रस्त्यापलीकडून बस्बींच्या पुतळ्याकडं बघत उभा आहे. पुतळ्याचं अनावरण झालं २९ मे २००८ ला, त्या फायनलला बरोबर ४० वर्षं झाली तेव्हा. या मैदानाला 'थिएटर ऑफ ड्रीम्स' म्हणतात तो शब्दही चार्लटनचाच. आज हा शब्द टी-शर्टपासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडं छापून विकला जातो, तो भाग वेगळा. चार्लटन ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले. साउथ स्टँडला आता त्यांचंच नाव आहे.

२००८ मध्येच, अपघाताला ५० वर्षं झाली तेव्हा, या स्टँडखालून जाणाऱ्या मार्गाला 'म्युनिक टनेल' असं नाव दिलं गेलं. तिथं बस्बी बेब्सची माहिती लावलेली आहे. मागं सांगितलेला १९१० चा टनेल वेगळा आणि हा वेगळा, यात गल्लत करू नका.

म्युझियममध्ये काय बघाल?

क्लबचं म्युझियम सुरू झालं १९८६ मध्ये. ते पुढं मोठं करून नॉर्थ स्टँडमध्ये हलवलं आणि ११ एप्रिल १९९८ ला त्याचं उद्घाटन केलं खुद्द पेलेंनी. या स्टँडला २०११ पासून सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचं नाव आहे. बाहेर त्यांचा पुतळाही आहे, हाताची घडी घातलेला.

गर्दी असते ती ट्रॉफ्यांपाशी. त्यातही १९९९ च्या तीन ट्रॉफ्यांपाशी. त्या एका मोसमात युनायटेडनं लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही जिंकल्या. शेवटची तर बार्सिलोनातल्या फायनलमध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध, ९० मिनिटं संपल्यावर मिळालेल्या जादा वेळेत दोन गोल मारून. शेरिंगहॅमचा पहिला, सोल्शायरचा दुसरा. फुटबॉल न बघणाऱ्या माणसालाही ही मॅच दाखवली तर तो सोफ्यावरून उठतो.

पण वेळ कमी असेल तर ट्रॉफ्यांपुढं थोडं कमी थांबा आणि म्युनिकच्या भागात जास्त. चांदीचे कप फोटोत जसे दिसतात तसेच समोर दिसतात. म्युनिकच्या भागाचं तसं नाही. तिथली पोरं एकवीस-बावीस वर्षांची होती, हे माहिती असणं वेगळं आणि त्यांच्या फोटोंसमोर उभं राहिल्यावर जाणवणं वेगळं.

टूरचं म्हणाल तर गाइडसोबत साधारण सव्वा तास लागतो. ड्रेसिंग रूम, खेळाडूंचा टनेल, राखीव खेळाडू आणि मॅनेजर बसतात तो डगआउट हे सगळं बघायला मिळतं. फोटो काढता येतात. गवतावर मात्र पाय ठेवायचा नाही, याबाबत तिथले लोक फार कडक आहेत.

काही गोष्टी जाण्याआधी लक्षात ठेवा. मॅचच्या दिवशी टूर नसते, त्यामुळं तिकीट काढायच्या आधी मॅचचं वेळापत्रक बघा. तिकीट क्लबच्या अधिकृत वेबसाइटवरून आधीच काढलेलं बरं. सुट्ट्यांच्या दिवसांत ऐनवेळी मिळेल याचा भरवसा नाही. लंडनहून ट्रेननं मँचेस्टरला पोचायला दोन तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे एका दिवसात जाऊन येता येतं. आणि छत्री घ्या. मँचेस्टरच्या पावसाबद्दल जे ऐकलंय ते खरं आहे.

मग पाडायचं कशाला?

पावसाचा विषय निघालाच आहे, तर मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या मॅचनंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या छतावरून पाण्याचा अक्षरशः धबधबा कोसळत होता. व्हिडिओ जगभर फिरला. जगातल्या श्रीमंत क्लबांपैकी एकाचं घर, आणि गळतंय.

चाहत्यांचा मोठा गट याचा दोष अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाला देतो. त्यांनी २००५ मध्ये क्लब विकत घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा बोजा पडला क्लबवरच. मैदानाकडं दुर्लक्ष झालं ते तेव्हापासून, असं त्यांचं म्हणणं. छताकडं बघून ते खोटं ठरवणं अवघड आहे.

दुरुस्ती करून चालणार नाही का? तर अडचण जागेची आहे. चार्लटन स्टँडच्या पाठीला रेल्वेलाइन चिकटलेली आहे. इतकी, की १९३५ मध्ये फक्त मॅचच्या दिवशी गाड्या थांबाव्यात म्हणून तिथं मैदानाचं स्वतःचं स्टेशन काढलं होतं. बाकी तीन बाजू उंच झाल्या, ही बाजू तेवढी बुटकी राहिली ती त्यामुळंच. २०२४ मध्ये क्लबचा काही हिस्सा घेतलेले जिम रॅटक्लिफ यांनी म्हणूनच नव्या मैदानाची बाजू लावून धरली. आराखडा फॉस्टर अँड पार्टनर्स यांचा. नॉर्मन फॉस्टर स्वतः मँचेस्टरचे. चित्रात एक भलं मोठं छत्र आणि त्रिशुळासारखे तीन उंच खांब दिसतात. पाच वर्षांत उभं करू असं तेव्हा सांगितलं गेलं. पैसे नेमके कुठून येणार हे मात्र सांगितलं गेलं नाही.

चाहत्यांमध्येही एकमत नाही. गळकं छत कुणालाच नकोय. पण बॉम्बनंतर परत उभं केलेलं, कोऱ्या जागांची पत्रिका घेऊन साठ हजार लोक जिथं बसले ते मैदान बुलडोझरखाली जाणार, हेही पचत नाही.

असं आधी झालेलं नाही असंही नाही. लंडनमध्ये आर्सेनलनं २००६ मध्ये हायबरी सोडलं तेव्हा जुन्या स्टँडच्या दर्शनी भिंती राखून आत फ्लॅट बांधले. जिथं खेळायचे तिथं आता बाग आहे. मँचेस्टरमध्ये तसं झालं नाही. बॉम्ब पडल्यावर युनायटेडला ज्या मेन रोडनं आसरा दिला ते मैदान सिटीनं २००३ मध्ये सोडलं, पुढं ते पाडलं आणि आज तिथं घरं आहेत.

ओल्ड ट्रॅफर्डचे पुतळे हलवता येतील, ट्रॉफ्या तर येतीलच. घड्याळही भिंतीवरून उतरवून दुसऱ्या भिंतीवर लावता येईल. १९१० चा तो टनेल मात्र उचलून नेता येत नाही, आणि जाहीर झालेल्या चित्रांमधून त्याचं काय होणार ते कळत नाही.

दरवर्षी ६ फेब्रुवारीला दुपारी लोक मैदानाबाहेर जमतात. ३ वाजून ४ मिनिटांनी सगळे गप्प उभे राहतात. यासाठी तिकीट लागत नाही. घड्याळ आणि नावांची पाटी दोन्ही मैदानाच्या बाहेरच्या बाजूला आहेत, त्यामुळं वर्षातल्या कुठल्याही दिवशी, टूर बंद असली तरी, ती बघता येतात.